मनूला, मुंबईच्या पत्त्यावर

प्रिय मनू,

काल इंदूरहून तुझी अवंतिका एक्सप्रेस सुटली आणि आम्ही दोघं रिक्षात बसलो ते थेट घरापर्यंत कोणीच काही बोललं नाही. फोनवर बोलायला जावं तर तू लगेच "आई, झालं का सुरू" म्हणतेस, म्हणून लिहितेय.

सिरीयल लिहायला बँकेतली नोकरी सोडलीस त्यावर मला आता काही म्हणायचं नाहीये, राजीनामा दिला तो दिला. पण एपिसोड लागल्यावर ९० दिवसांनी पैसे मिळतात हे तू सराफ्यात तळलेले गराडू कंद खाता खाता इतकं सहज सांगितलंस की माझा घास तिथेच अडकला. म्हणजे आज लिहिलेलं महिन्याने लागलं तर चार महिने हातात काही नाही, आणि फ्लॅटचा हप्ता तर दर पाच तारखेला जातोच. प्रशांत भला आहे गं, पण एकटा किती बघेल.

जाऊ दे. मावशीला मी सगळं समजावलं, गोष्ट एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा, आणि आपली मनू संवाद लिहिणार. तिला वाटायचं नट मनानेच बोलतात. पण सेटवर लोक मेकअप करून बसलेत आणि तुझी पानं यायचीत, त्यात गुरुवारच्या आकड्यांत टीआरपी पडला की चॅनलवाले गोष्टीचा ट्रॅकच बदलणार, मग रात्रभर जागून परत लिहा, जेवशील कधी तू? सदतिसाव्या वर्षी असली जागरणं अंगाला, आणि तेही पैसे नंतर... असो, लेक्चर झालं, सॉरी.

रामबागेच्या घरी ऐन सिरीयलच्या वेळी लाईट जायची आठवतं? तू कंदिलापुढे बसून आजीला पुढचं सगळं सांगायचीस, सासूचा आवाज वेगळा, सुनेचा वेगळा, नोकराच्या तोंडीसुद्धा दोन वाक्यं असायची. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी खरं काय झालं ते सांगितलं की आजी म्हणायची, "मनूचंच बरं होतं." १९८४ साली शेजाऱ्यांकडे बसून हम लोग बघितलेली बाई ती, उगीच कोणाला बरं म्हणायची नाही.

बाबा घरी गप्प असतात, पण आपल्या इथल्या सानंद संस्थेच्या मराठी नाटकाला इंटरव्हलमध्ये चार लोकांना सांगत होते की मुलगी टीव्हीसाठी लिहिते, मी ऐकलं.

अंधेरीच्या रायटर्स असोसिएशनची मेंबर झालीस ते फार बरं केलंस, कोणालाही काही वाचायला द्यायच्या आधी तिथे रजिस्टर करत जा. बाबांनी वाचलंय की २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला वाटा सोडला असं लेखकाकडून लिहून घेता येत नाही, तेव्हा कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो पाठव, ते चष्मा लावून बसलेच आहेत.

छोटूची या टर्मची फी आम्ही भरतोय, प्रशांतशी बोलणं झालंय, तू मधे पडू नकोस. आणि मनू, थोडा ॲडव्हान्स मिळतो का तेवढं विचार ना, विचारायला काय जातंय.

तुझी,
आई