लिफ्ट घेणाऱ्याच्या विम्याचे काय?

संपादक महोदय,

पुणे-सातारा महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावर संध्याकाळी जरा उभे राहून पाहावे. नसरापूर, मार्गासनी, विंझर, वेल्हे या बाजूची माणसे गाडी दिसली की हात करतात. कॉलेजची पोरे, बाजाराच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, शनिवारी राजगड-तोरण्याला निघालेले सॅकवाले. दुधाचा पिकअप थांबतो, चालक काच खाली घेऊन ओरडतो, “विंझरपर्यंत चाललोय, येनार का?” आणि रिकाम्या कॅनच्या खडखडाटात जागा करून लोक हौद्यात उभे राहतात. एसटी चुकली की हीच आमची एसटी. २०२१-२२ च्या संपात तर कित्येक महिने दुसरी सोयच नव्हती. मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धे झाले, उत्तम झाले. पण अर्धे तिकीट काढायला आधी गाडी तर आली पाहिजे!

लिफ्टचा विषय निघाला की अनोळखी माणसाची भीती सांगितली जाते. मुलीबाळींच्या बाबतीत ती खरीच आहे. पण फाट्यावर हात करणारा आणि थांबणारा बहुधा गावावरून, आडनावावरून एकमेकांना ओळखतात. ज्याचा कुणी विचार करत नाही, तो विम्याचा कागद. मालवाहू गाडीतून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. २००६ मध्ये दुचाकीच्या मागच्या सीटचा प्रश्न आला. मालकाकडे फक्त कायद्याने सक्तीचा विमा असेल, तर फुकट बसलेला माणूस त्यात येत नाही, असा निकाल झाला. आता गावाकडच्या किती मोटारसायकलींना पॅकेज पॉलिसी, म्हणजे मागच्या सीटलाही धरणारी मोठी पॉलिसी, असते? नवी गाडी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे तोच सक्तीचा, विमा भरावाच लागतो. पुढे पोलीस अडवू नये एवढ्यापुरते नूतनीकरण, तेही आठवण राहिली तर. म्हणजे उपकार करणाराच उद्या भरपाईच्या दाव्यात अडकणार आणि जखमी माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार.

पेट्रोलला म्हणून वीस-तीस रुपये हातावर ठेवण्याची आपली रीतही अंगाशी येऊ शकते. भाडे घेतले की परवाना लागतो, आणि खासगी गाडीला तो नसतो.

लिफ्ट बंद करा असे मी म्हणणार नाही. मी स्वतः नोकरीवरून येताना आजही हात करते. मागणी एवढीच, की दुचाकीच्या सक्तीच्या विम्यातच मागे बसणारा धरला जावा, मग हप्ता थोडा वाढला तरी चालेल. तोवर निदान एजंटांनी पावती फाडताना मागच्या सीटचे काय, हे मालकाला तोंडी तरी सांगावे. आणि एसटी महामंडळाने चेलाडीहून वेल्ह्याकडे संध्याकाळी सातनंतर एखादी जादा फेरी सोडावी.

– एक शिक्षिका, वेल्हे परिसर