सिलिंडर मोजले, व्हॉल्व्ह कोणी पाहिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात महामार्गावर झालेल्या एलपीजी (स्वयंपाकाच्या गॅसच्या) टँकर तपासणीची बातमी वाचली. कोणाकडे आग विझवायचा सिलिंडर नाही, कोणाची प्रथमोपचार पेटी रिकामी, म्हणून दंड केला. तपासणी झाली हे चांगलेच झाले. पण एवढ्या मोठ्या बातमीत ‘व्हॉल्व्ह’ हा शब्द एकदाही आला नाही, याचा मनस्वी राग आला.

दहा किलोचा डीसीपी (आग विझवणाऱ्या कोरड्या पावडरचा) सिलिंडर टँकरवर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो कशासाठी? टायर पेटला, केबिनमधली वायरिंग जळाली, त्यासाठी. कोंडाईबारी घाट उतरताना ब्रेक तापून मागच्या जोडटायरने पेट घेतला, तर पहिल्या दोन मिनिटांत तोच कामाला येतो. तुटलेल्या पाइपातून सुटणाऱ्या गॅसची ज्योत मात्र त्याने विझवायला जाऊ नये. ज्योत विझली आणि गळती चालूच राहिली, तर गॅस जमिनीलगत पसरतो, कारण तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड आहे. नाल्यातून, मोरीतून तो ढाब्याच्या भट्टीपर्यंत जातो, तिथे पेटतो आणि आग उलटी धावत टँकरपर्यंत येते. एक लिटर द्रवाचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो आणि हवेत दोनेक टक्के मिसळला तरी ठिणगी पुरते. आधी गळती बंद करायची, मग आगीचे पाहायचे. आणि गळती बंद करतो तो व्हॉल्व्ह.

२० डिसेंबर २०२४ ला जयपूरजवळ भांक्रोट्याला काय झाले? वळण घेणाऱ्या टँकरला ट्रकने धडक दिली, नोझल (गॅस भरण्या-उतरवण्याचे तोंड) तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि पेटला. तिथे सिलिंडर किती होते, या प्रश्नाला काही अर्थ आहे का?

म्हणून तपासणाऱ्याने आधी व्हॉल्व्हची पेटी उघडायला लावावी. गाडी रस्त्यावर असताना द्रवाचा आणि वाफेचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद पाहिजेत. बाहेरच्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज (तोंड बंद करणारी बोल्टची चकती) हवी, तिचे सगळे बोल्ट जागेवर हवेत. आठ भोकांत चारच बोल्ट आणि मध्ये दबून चिरलेली गॅस्केट (सांधा घट्ट करणारी चकती), हे नेहमीचे दृश्य आहे. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे लगेच सांगतात.

इंटर्नल व्हॉल्व्ह असलेल्या टँकरवर तर आणखी बारकाईने पाहावे लागते. या व्हॉल्व्हची सीट, म्हणजे झडप जिथे बसून बंद होते ती जागा, टाकीच्या आत असते. धडकेने बाहेरचा भाग मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या खाचेवर तुटतो आणि आतला भाग स्प्रिंगने बंद राहतो. माल उतरवताना लिव्हर ओढून तो उघडा धरावा लागतो. पंप चालू असताना प्रवाह एकदम वाढला की तो मध्येच बंद पडतो, क्लीनरला पुन्हा उठावे लागते. मग लिव्हरला तार गुंडाळली जाते. काम झाल्यावर ती सोडायची राहते. गंजलेली, दोन-तीन वेढे घातलेली ती तार दिसली की समजावे, या टँकरचा जीव तिच्यात अडकला आहे. आगीच्या उष्णतेने साधारण शंभर अंशाला वितळून व्हॉल्व्ह बंद करणारा जोडही अशा वेळी निकामी. जोड वितळला तरी लिव्हर तारेने धरलेलाच!

‘एक्सेस फ्लो व्हॉल्व्ह आहे ना’ हे उत्तर ठरलेले असते. तो ठरावीक प्रवाहापेक्षा जास्त गॅस धावू लागला तरच मिटतो. पाइप सबंध तुटला तर मिटेल. गॅस्केट अर्धी फाटली, वेल्डला चीर गेली किंवा बाहेरचा बॉल व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असला, तर प्रवाह त्या मर्यादेखालीच राहतो आणि गळती टाकी रिकामी होईपर्यंत चालते. म्हणजे तो मदतीला आहे, पण गाडी धावताना व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची बरोबरी त्याने होत नाही.

लांबून व्हॉल्व्ह बंद करण्याची केबल पेटीपासून दूर, केबिनच्या बाजूला असते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा चिखल आणि धूळ तिच्या नळीत बसून ती जाम होते. ती ओढून दाखवायला सांगा. केबल न अडकता सरकली तर ठीक. अर्धा मिनिट लागतो, आणि दंडाच्या पावतीपेक्षा या अर्ध्या मिनिटाचा उपयोग जास्त आहे. मोटार वाहनांचे १९८९ चे नियम आणि दाबपात्रांचे (दाबाखाली वायू ठेवणाऱ्या टाक्यांचे) २०१६ चे नियम, त्यांत सुरक्षासाधने सांगितलेली आहेत. ती चालू स्थितीत आहेत का, हे रस्त्यावर उभे राहूनच बघावे लागते.

जाता जाता तुमच्या छायाचित्राबद्दलही. टँकरच्या व्हॉल्व्हच्या पेटीला जवळजवळ टेकून तिघे उभे आहेत, एकाच्या हातात मोबाइल. शिवाय टँकरच्या मागच्या माहिती फलकावर एवढी धूळ की १०७५ हा एलपीजीचा ओळख क्रमांक आणि आणीबाणीचा फोन नंबर, दोन्ही वाचता येत नाहीत. अपघात झाला तर अग्निशमन दलाला आत काय आहे हे त्या फलकावरूनच कळायचे असते. या टँकरला फलकासाठी दंड झाला की नाही, हे बातमीत नाही.

आणि टँकर उलटला की मोबाइल घेऊन जवळ धावणाऱ्या लोकांसाठी एक चौकट तुम्ही जरूर छापा. नुसती गळती असेल तर निदान १०० मीटर लांब, वाऱ्याच्या उलट दिशेला. गळती मोठी असेल तर वारा वाहतो त्या बाजूची वस्ती ८०० मीटरपर्यंत हलवायची. आणि टाकी आगीत सापडली तर चारी बाजूंनी १६०० मीटर. गाडी सुरू करायची नाही, विडी-काडी पेटवायची नाही. पारोळा, एरंडोल, पाळधी ही महामार्गालगतची गावे आहेत, तिथल्या वाचकाला हे अंतर पाठ असायला हवे.

आपला,
एक नियमित वाचक, पारोळा (जि. जळगाव)