उपास-प्रार्थनेत माणसाकडे बोट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागातल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये हल्ली ‘लपलेल्या शत्रूंवर विजय’ मिळावा म्हणून तीन-तीन, एकवीस-एकवीस दिवसांच्या उपास-प्रार्थना होतात. मी स्वतः उपास करते. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचे, चाळीस दिवस, रविवार सोडून, एकवेळ जेवायचे हे वळण आईने लावले, ते सत्तरीतही मोडलेले नाही. प्रार्थनेने मला फार सावरले आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

तीन वर्षांपूर्वी मुलाची नोकरी गेली, पाठोपाठ दुभती म्हैस दगावली. एका शुक्रवारी बाहेरगावच्या उपदेशकाने माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितले, “घराच्या पूर्वेला राहणारी बाई तुमचे वाईट चिंतते.” पूर्वेच्या खोल्यांत माझी धाकटी जाऊ राहते. त्या दिवसापासून मी तिच्याकडचा चहा घेतला नाही. नातवंडांना तिच्या ओट्यावर जाऊ दिले नाही. आठ महिने असे गेले. उपासाच्या दिवशी मी देवापुढे तिच्याच पराभवाची मागणी करत होते, हे लिहिताना आजही हात थरथरतो.

मग तिचे ऑपरेशन झाले. त्याच आठवड्यात बायबलच्या वाचनात पस्तिसावे स्तोत्र आले. त्यात दावीद राजा म्हणतो, माझे वैरी आजारी पडले तेव्हा मी शोकाचे गोणपाट नेसलो, उपास केला. वैऱ्यांसाठी उपास! हे स्तोत्र मी किती वेळा वाचले असेन, पण ती ओळ कधी दिसलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दवाखान्यात गेले. जाऊबाईंनी एवढेच विचारले, “ताई, माझे काय चुकले होते?”

या सभांत बायबलमधल्या एस्तेर राणीचा दाखला हमखास देतात. तिने शूशन नगरातल्या यहुद्यांना तीन दिवस अन्नपाणी वर्ज्य करायला सांगितले, हे खरे. पण यहुद्यांचा संहार करण्याचा, राजाचा मंत्री हामान याचा हुकूम राजाच्या नावाने निघून नगरात जाहीर झालेला होता. कोणाच्या दृष्टान्तावरून त्याचे नाव पुढे आले नव्हते. आणि इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट लिहितो की आपले झगडणे रक्तमांसाशी नाही. मग जाऊ, सून, शेजारीण यांची नावे कुठून येतात? अमुक माणूस करणी करतो असा संशय पसरवणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रार्थनेच्या मांडवात बोलल्याने तो माफ होत नाही.

चर्चच्या पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना माझी कळकळीची विनंती आहे. बाहेरचा उपदेशक बोलावण्याआधी त्याला बजावा की कोणाचेही नाव, नाते, दिशा सांगायची नाही. आणि मधुमेहाची औषधे, इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये, हेही त्याच मंडपातून सांगा. गेल्या वर्षी माझ्या शेजारी बसलेली बाई दुपारी चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला साखर देण्याऐवजी लोक भूत काढत होते.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. अहिल्यानगर