दुधीचं फूल आणि शाळेची घंटा

14 सप्टेंबर

प्रिय शुभे,

तुझं पत्र येऊन महिना झाला. रागावली असशील, पण आधी ऐक: आमच्या वेलाला शेवटी दुधी लागले!

हसू नकोस. जूनमध्ये परसबागेचा आदेश आला तेव्हा मीही कपाळाला हात लावला होता. आणखी एक रजिस्टर, आणखी फोटो. खिचडीच्या खोलीमागे सहा वाफे काढले, पोरांनी घरून बी आणलं. गांधीजींनी 1937 ला वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, त्यावर आपण डी.एड.ला टिपण घोकलं होतं, आठवतं? खुरपं मात्र दोन वर्षांत कुणी हाती दिलं नाही.

पहिला दणका चवळीने दिला. सातवीतल्या एकाने रोपच उपटून आणलं. "बाई, मुळाला रोग पडलाय." बारीक गाठी होत्या. म्हटलं, नखाने फोड एक. आतून गुलाबी, तांबूस. "रक्त हाय बाई!" सगळा वर्ग गोळा. आणि तो फारसा चुकला नव्हता गं. आपल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद असतो तिथे, लेगहिमोग्लोबिन. गाठीतले रायझोबियम नावाचे जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात, पण त्या कामाला मोकळा ऑक्सिजन सोसत नाही. हा तांबडा पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पुरवतो. नऊ वर्षं मी 'कडधान्यांच्या मुळांवर गाठी असतात' असं फळ्यावर लिहितेय. फोडून एकदाही पाहिली नव्हती.

पण खरी फजिती दुधीने केली. वेल खिचडीच्या खोलीच्या पत्र्यावर चढला, बोटाएवढे दुधी दिसायचे आणि पिवळे पडून गळायचे. मी ठोकून दिलं, खत कमी पडतंय. पोरांनी पाटीभर शेणखत ओतलं. पानं हत्तीच्या कानाएवढी झाली, दुधी गळायचे ते गळतच राहिले. शेवटी मागच्या बाकावरची एक, वर्गात कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, "बाई, ते फूल शाळा सुटल्यावर उमलतं."

मी तर दुपारच्या तासाला मिटलेल्या फुलांपुढे परागीभवन शिकवत होते!

त्या दिवशी सहा वाजता आम्ही बॅटऱ्या घेऊन परत आलो. अंधारू लागलं तशी पांढरी फुलं एकेक करून उघडली. कुणाचं देठ लांब नि मागे काहीच नाही, तो नर. कुणाच्या मागे इवलासा लवदार दुधी, ती मादी. नराच्या पाकळ्या काढून केसर मादीवर अलगद घासायचं. ज्या मादीफुलांना घासलं त्यांच्या देठाला लाल दोरा, तेवढीच बिनदोऱ्याची सोडली. ही शक्कलही पोरांचीच, नाहीतर खरं कशामुळे लागलं ते कळणार कसं, म्हणे. लाल दोऱ्याच्या नऊपैकी सात धरले. बिनदोऱ्याच्या नवांपैकी दोन, तेही बहुधा त्या पतंगाच्या कृपेने, जो आमच्या डोक्यावर घोंगावत होता आणि ज्याला घाबरून मीच आधी पळाले.

तेवढ्यात पाहणीला साहेब आले. दोरे बघून म्हणाले, हे काय नवस बोललेत का? फोटो काढला आणि गेले. पोरांना विचारलं असतं तर त्यांनी तासभर सोडलं नसतं.

पहिला दुधी मावशींनी आमटीत घातला. दुधी बघून नाक मुरडणाऱ्यांनी दोनदा मागून घेतली. लाल दोरा देठासकट वर्गात खिळ्याला टांगलाय.

आता नवं खूळ. दोडका संध्याकाळी उमलतो आणि त्याचंच भावंड गिलकं पहाटे, हे कळल्यापासून पोरांना दोन्ही वेल शेजारी शेजारी हवेत. दोडक्याचं बी आहे. तुझ्या आईकडे गिलक्याचं असेल तर मूठभर पाठव, पाकिटावर नाव घालून, नाहीतर मी पुन्हा काहीतरी भलतंच लावीन.

तुझी,
मंदा