कास्तेलो रॉद्रिगोच्या आजींना आभारपत्र

आदरणीय आजी,
सप्रेम नमस्कार.

आपण पोर्तुगालात, स्पेनच्या सीमेलगतच्या कास्तेलो रॉद्रिगो गावात बदाम विकता आणि मी वसईच्या किल्ल्याशेजारी वाढलो. आपली गाठ जेमतेम दुपारभर पडली, तीही आपण फ्रान्समधल्या नोकरीत शिकलेल्या आणि मी पुण्याच्या शिकवणीत गिरवलेल्या फ्रेंचच्या भरवशावर.

आपल्या गावच्या किल्ल्यातला पडका वाडा शत्रूच्या तोफांनीच पाडला असणार, असे मी जाणकाराच्या थाटात म्हणालो, तेव्हा बदामाची परात बाजूला सारून आपण शांतपणे सांगितलेत, ‘आम्हीच जाळला.’ वाडा क्रिस्तोव्हाव द मोरा या सरदाराचा. १५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या फिलिप राजाला मिळावी म्हणून तो झटला आणि पुढे याच गावाच्या नावाने उमराव झाला. १६४० च्या डिसेंबरात लिस्बनमध्ये स्पेनची सत्ता उलथल्यावर गावकऱ्यांनी त्याच्या वाड्यालाच आग लावली. त्या साठ वर्षांत आमची वसई आणि गोवाही स्पेनच्या राजांच्याच अमलाखाली होते, हे मला ठाऊक होते. पण त्या राजवटीविषयीचा तिकडचा राग मला प्रथमच त्या काळ्या दगडांत दिसला.

त्याआधीची नाचक्कीही आपण लपवली नाहीत. १२९७ च्या करारानुसार स्पेनच्या बाजूच्या लिओन राज्याकडून पोर्तुगालकडे आलेल्या या गावाने १३८३ ते १३८५ च्या पोर्तुगालच्या गादीच्या वारसायुद्धात कास्तील या स्पेनकडच्या राज्याची बाजू घेतली, म्हणून जिंकलेल्या पोर्तुगालच्या पहिल्या जुआंव राजाने गावाच्या मानचिन्हात राजचिन्ह उलटे ठेवण्याची शिक्षा फर्मावली. ‘उलटे म्हणजे कसे?’ असे मी विचारताच आपण गल्ल्यातून एक युरोचे पोर्तुगीज नाणे काढलेत, त्यावरचे चिमुकले किल्ले आणि ढाली दाखवल्यात आणि नाणे फळीवर उलटे फिरवून ठेवलेत. इतके सोपे स्पष्टीकरण मला कोणत्याही माहितीफलकावर मिळाले नव्हते. (१६६४ मध्ये ओसुनाच्या ड्यूकचा, म्हणजे स्पेनच्या सरदाराचा, वेढा याच गावाने नेटाने सोसला, हे मात्र आपण जरा चढ्या आवाजात सांगितलेत.)

पुढे पाण्याच्या टाक्यापर्यंत आपण सोबत आलात, म्हणून त्याच्या दोन दारांपैकी एकाची कमान टोकदार आणि दुसरीची घोड्याच्या नालासारखी आहे, हे माझ्या ध्यानात आले. एरवी मी फोटो काढून पुढे गेलो असतो.

माझ्या टिपणवहीतले तोफांचे वाक्य मी खोडले आहे. आपण माझ्या खिशात कोंबलेल्या बदामांचे पैसे तेवढे अजून माझ्याकडे बाकी आहेत.

आपला ऋणी,
वसईचा एक प्रवासी