रविवारच्या टॅक अँड टर्नआउटची तयारी

सर्व सभासदांना सूचना. टॅक अँड टर्नआउट म्हणजे घोड्याचं सामान आणि घोडा-स्वाराचा नीटनेटकेपणा यांची स्पर्धा. यात उडी नाही की दौड नाही. परीक्षक सामानाची स्वच्छता, मापं आणि सुरक्षितता बघतात. त्यामुळं शनिवारी संध्याकाळीच खोगीर, लगाम सुटं करून सॅडल सोपनं (कातड्याच्या साबणानं) पुसा. आपल्या पावसाळ्यात बकलांखाली हिरवी बुरशी धरते, पट्टी दुमडून तिथं बघाच. कातडं सावलीत वाळवा, उन्हात कडक होऊन तडकतं. मागं मी स्वतः खोगिराला बुटाचं पॉलिश फासलं होतं. खोगीर चकाचक झालं, पण पांढऱ्या ब्रीचेसची (स्वारीच्या विजारीची) बैठक तपकिरी! तेव्हा पॉलिश बुटालाच.

तंगाच्या (खोगीर घोड्याच्या पोटाखालून आवळतो त्या) पट्ट्यांची शिवण ओढून बघा. एक टाका जरी उसवलेला असला तरी मोच्याकडं न्या. रिकीब बुटापेक्षा साधारण 2.5 सेंटिमीटर रुंद हवी, म्हणजे पाय अडकत नाही. नाकपट्टीखाली दोन बोटं सहज जावीत.

घोड्याला खरारा नेहमीसारखाच. खूर मात्र आतून साफ करा, चिखलावर तेल चोपडू नका. स्वाराचे मोकळे केस जाळीत, हेल्मेटचा पट्टा बंद. आणि मैदानावर पोचल्यावर दहाणा (लगामाचा घोड्याच्या तोंडातला भाग) एकदा पुसा, वाटेत खाल्लेलं गवत त्याला चिकटतंच.