गृहमंत्री महोदय, आमच्या बीटचा अंमलदार आम्हाला परत द्या

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

राज्याचं मुख्यमंत्रिपद आणि गृहखातं दोन्ही आपल्याकडे आहे. त्यामुळे या पत्राचं उत्तर कोणी द्यायचं याबद्दल शंका राहू नये.

गेल्या आठवड्यात सकाळी उजाडता उजाडता माझ्या सासूबाई दुधाला म्हणून खाली उतरल्या. दुचाकीवरून दोघं आले. मागे बसलेल्यानं त्यांच्या गळ्यातल्या बोरमाळेला हात घातला. माळ चटकन तुटली असती तर बरं झालं असतं. ती तुटेना, म्हणून त्या गाडीसोबत फरफटत गेल्या आणि रस्त्यावर पडल्या. खुबा मोडला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईचं हाड कसं जुळतं, ते मी आता रोज बघते आहे. शस्त्रक्रियेचा खर्च कुठून आणला ते सांगत नाही, त्यासाठी हे पत्र नाही. पण काल त्यांनी मला विचारलं, "मी आता खाली कधीच जायचं नाही का गं?" मला उत्तर देता आलं नाही. ते आपण द्यावं.

जिथे हे घडलं तिथून पोलीस चौकी दिसते. चौकीला कुलूप होतं. नेहमीच असतं. ही चौकी सुरू झाली तेव्हा फीत कापली गेली, आम्हा बायकांना पुढच्या रांगेत बसवलं आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी माइकवरून शब्द दिला की चौकी चोवीस तास उघडी राहील, बीटचे, म्हणजे आमच्या भागासाठी नेमून दिलेले, दोन अंमलदार कायम इथे असतील. त्या शब्दावर विसंबून आम्ही वर्गणी काढून चौकीत पंखा आणि खुर्च्या दिल्या. आज त्या खुर्च्यांवर धूळ बसते.

शहराचं आणि ठाण्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या एखाद्या हवालदाराला कारणे दाखवा नोटीस निघेल, तो निलंबित होईल आणि वर प्रश्न सुटला म्हणून कळवलं जाईल. मला त्या हवालदाराची शिक्षा नको आहे. तो आदल्या दिवशीपासून बंदोबस्तात उभा होता आणि बोलता बोलता त्याचे डोळे मिटत होते.

112 वर फोन केला, गाडी आली, हे प्रामाणिकपणे सांगते. गाडीतली मुलं सभ्यपणे वागली. पण त्यांना आमची गल्ली माहीत नव्हती, मागच्या बाजूची नाल्याकडची वाट माहीत नव्हती, रोज संध्याकाळी त्या वाटेच्या तोंडाशी कोण बसतं तेही माहीत नव्हतं. हे सगळं आम्हाला माहीत आहे. ऐकणारं कोणी नाही. पुढे ठाण्यात गेलो, तर साहेब दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलेले. सासूबाई दवाखान्यात, नवरा त्यांच्यापाशी, आणि मी ठाण्याच्या बाकावर. शेवटी मला सुचवण्यात आलं की तूर्त दागिना गहाळ झाल्याचा अर्ज द्या, बाकी नंतर बघू.

गहाळ? गळ्यातून ओढून नेलेली माळ गहाळ होते? 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 304 खाली हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. हे मला माहीत आहे, म्हणून मी हटून बसले आणि गुन्हा नोंदवला गेला. जिला माहीत नाही ती अर्ज देऊन घरी जाते. तिची माळ कोणत्याच आकडेवारीत येत नाही. मग आपण सभागृहात सांगता की गुन्हे घटले.

मला हे माहीत असण्याचं कारण म्हणजे मी ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर आहे. ओळखपत्र आहे, त्यावर फोटो आहे, शिक्का आहे. आम्हाला गणपतीच्या आधी बोलावतात, महिला दिनाला बोलावतात, चहा देतात, गुच्छ देतात, ग्रुप फोटो काढतात. तो फोटो त्याच संध्याकाळी 'पोलीस आणि नागरिकांत सुसंवाद' म्हणून सगळीकडे फिरतो. आम्ही त्या बैठकांत लेखी दिलं होतं की नाल्याकडच्या वाटेवर दिवा नाही, तिथे टोळकं बसतं, पहाटे आणि रात्री गस्त हवी. त्या कागदाचं काय झालं ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. पोलीस दीदी, पोलीस काका, भरोसा सेल, दामिनी पथक, पोलीस मित्र... नव्या योजनांची नावं ऐकून आमचे कान किटले आहेत. प्रत्येक योजनेला माणूस तोच. सकाळी तो शाळेत पोलीस काका असतो, दुपारी कोर्टात समन्स घेऊन जातो, संध्याकाळी मोर्चाला उभा राहतो आणि रात्री नाकाबंदीला. बीटवर तो असणार कधी?

दर लाख लोकांमागे 222 पोलीस हवेत, हा आकडा भाषणाभाषणांतून ऐकला आहे. देशाचा आकडा घ्या: पोलीस संशोधन व विकास ब्युरोच्या नोंदीप्रमाणे 2020 च्या सुरुवातीला देशभर पोलिसांची 5 लाख 31 हजारांवर पदं रिक्त होती. आपल्या राज्याचं बघा. 2023 मध्ये मुंबईत शिपायांची सुमारे 10 हजार पदं रिकामी होती, म्हणून महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडून 3 हजार माणसं कंत्राटावर घ्यायची वेळ आली. अकरा महिन्यांच्या करारावर आलेला माणूस माझी गल्ली ओळखायला कधी शिकणार आणि कशासाठी शिकणार?

आणि माणसं मिळत नाहीत, असं कृपा करून सांगू नका. 2024 ला 17,471 जागांची भरती निघाली, त्यासाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. एका जागेमागे शंभर पोरं! आमच्या शेजारचा मुलगा त्यात होता. पहाटे टेकडीवर धावायचा, गोळाफेकीचा सराव करायचा, लेखीच्या गाईडची पानं पाठ करायचा. अशी पोरं गावोगाव आहेत. पण भरती निघते ती तीन-तीन वर्षं साचून, मग मैदानी, लेखी, कागदपत्रं, कोर्टकज्जे, मग महिनोन् महिने प्रशिक्षण. तोवर तितकेच लोक निवृत्त झालेले असतात. निवृत्तीची तारीख माणूस सेवेत आला त्याच दिवशी ठरते. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात किती जागा रिकाम्या होणार हे मंत्रालयातला कुठलाही कारकून अर्ध्या तासात सांगेल. मग दरवर्षी ठरल्या महिन्यात भरती का होत नाही? ती फक्त निवडणुकीच्या तोंडावर घोषणा करण्यापुरती का आठवते?

तरीही माझी मुख्य तक्रार रिक्त पदांची नाही. उद्या आपण सगळी पदं भरलीत तरी आमची चौकी उघडेल याची खात्री मला नाही. पुण्यात 2024 मध्ये आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी आणि काळेपडळ अशी सात नवी ठाणी झाली. चांगलं झालं. शहरं वाढली, ठाणी वाढायलाच हवीत. पण ठाणं नवं असो की जुनं, तिथला अंमलदार बंदोबस्ताला उचलला की बीट उघडंच पडतं. ठाण्याची मंजूर संख्या वेगळी, कागदावर हजर असलेली वेगळी, आणि त्यातून रजा, आजारपण, कोर्ट, प्रतिनियुक्ती, अंगरक्षक, साहेबांच्या कार्यालयातली कामं वजा जाता जी उरते ती वेगळी. ही शेवटची संख्या कोणीच सांगत नाही. अख्ख्या वस्तीला रात्री किती पोलीस उरतात? आम्हाला तेवढंच कळायला हवं आहे.

याच महाराष्ट्रात हे काम झालेलं आहे, म्हणून जास्त चीड येते. भिवंडी 1970 ला हिंदू-मुस्लिम दंगलीत जळली, 1984 ला पुन्हा जळली. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं, विणकर, दुकानदार, आणि त्यांच्याशी नेमून दिलेला पोलीस. दंगलीच्या दिवशी हातावर हात ठेवून शांततेचं आवाहन करायला बसणाऱ्या त्या समित्या नव्हत्या. पाण्याच्या नळाचं भांडण, नवरा-बायकोचं भांडण, सगळं तिथे यायचं, त्यामुळे माणसं पोलिसाला नावानं हाक मारायची. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली, श्रीकृष्ण आयोगानं 900 मृत्यू नोंदवले. शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईनंही मोहल्ला समित्या उभारल्या, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी अशा पोलीस अधिकाऱ्यांनी त्यासाठी झिजून काम केलं. इतकं डोळ्यांसमोर सिद्ध झालेलं काम सरकारनं नियम म्हणून का स्वीकारलं नाही? एखादा चांगला अधिकारी येतो, उभं करतो, त्याची बदली होते आणि पुढचा आला की समिती फोटोपुरती उरते.

खेड्यात निदान पोलीस पाटील आहे. गावातलाच माणूस, कायद्यानं नेमलेला. 2007 मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली, तीही गावांसाठी. आमचं गाव महापालिकेत आलं, पोलीस पाटील गेला, ग्रामसभा गेली, घरपट्टी वाढली. बदल्यात काय मिळालं? कुलूप लावलेली चौकी.

2014 च्या दुरुस्तीनं महाराष्ट्र पोलीस अधिनियमात शिपायांसाठी एका नेमणुकीच्या ठिकाणी पाच वर्षांची मुदत आली. तुम्ही मुदत ठाण्याची पाळता, बीटची नाही. माणूस पाच वर्षं ठाण्यात असतो आणि आमच्या वस्तीला दर दोन-तीन महिन्यांनी नवा चेहरा दिसतो. 2016 मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू झाली, तिथल्याच एका शिपायाच्या कल्पनेतून. नंतर ती शहरभर गेली आणि पुढे मनुष्यबळ नाही म्हणून मागे पडली. ज्याला स्वतःच्या पोरांची शाळा माहीत नाही, त्यानं माझ्या वस्तीतली पोरं ओळखावीत अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करू?

आणि मग बंदोबस्त कोणासाठी असतो? दौऱ्यासाठी, ताफ्यासाठी, उद्घाटनासाठी, आपल्याच पक्षांच्या एकमेकांविरुद्धच्या आंदोलनांसाठी. सणांना पोलीस हवेत, आमचं काही म्हणणं नाही. पण गल्लीतल्या नगरसेवकाच्या मागे बंदूकधारी उभा आणि पंचाहत्तरीची बाई रस्त्यात एकटी, याला राज्य कसं म्हणायचं? सत्तेत कोणीही येवो, आमच्या बीटचा पोलीस तेच उचलून नेतात. विरोधात असताना रिक्त पदांवर ओरडायचं आणि खुर्चीत बसलं की अंगरक्षक वाढवून घ्यायचे, हे आम्ही सगळ्यांचं पाहिलं आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक ठाण्याच्या दारात रोज फलक लावा: मंजूर किती, हजर किती, बंदोबस्ताला किती, बीटवर किती. बीट अंमलदाराला एका बीटवर किमान दोन वर्षं ठेवा आणि आयुक्तांच्या लेखी आदेशाशिवाय त्याला बंदोबस्ताला उचलू नका. दक्षता समितीत दिलेल्या प्रत्येक लेखी सूचनेवर काय केलं ते पुढच्या बैठकीत लेखी सांगा. चौकी उघडा.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरेल आणि त्याच्या बंदोबस्तासाठी राज्यभरातून पोलीस बोलावले जातील. त्याच अधिवेशनात महापालिका क्षेत्रांतल्या प्रत्येक ठाण्याचा एका रात्रीचा तक्ता सभागृहासमोर ठेवा. तारीख आपण निवडा. आमच्या वस्तीतल्या बायकांच्या सह्यांचं निवेदन आमदारांमार्फत त्याआधी आपल्याकडे पोहोचेल. सासूबाईंची सही त्यात पहिली आहे, पलंगावर पडून केलेली, म्हणून थोडी वाकडी आली आहे.

आपली,
महिला दक्षता समितीची एक सदस्य